गोंदलेली भुवई

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी दूरवर ठाऊक आहे. तेथील पैंजण मनास उतरले नाहीत, तर ते मोडून चांदी पुन्हा मुशीत घालता येते व नवा घाट करता येतो. लग्नसराई जवळ आली म्हणजे ब्युटी पार्लरांतून ज्या ‘पर्मनंट मेकअप’ची चौकशी होते, त्याला मात्र ही मोड नाही.

भुवई, पापणीची कड किंवा ओठ यांत सुईने रंग भरणे म्हणजे वस्तुतः आपले जुने गोंदणच होय. आजीच्या कपाळावरील हिरवे टिंब आणि नातीची भुवई यांत नावाचा व दराचाच काय तो मोठा फरक! त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात झडून नवा येतो. म्हणून रंग त्याच्या खालच्या थरात सोडावा लागतो. तेथील भक्षक पेशी रंगाचे कण गिळतात, पण ते त्यांना पचत नाहीत. त्या पेशी मेल्या म्हणजे नव्या पेशी तेच कण पुन्हा गिळतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. चांदीचे काम करणाऱ्यांच्या बोटांत धातूचे कण रुतून निळसर ठिपके कायमचे राहिल्याची उदाहरणेही वैद्यकात नमूद आहेत.

तथापि भुवईचा रंग उथळ भरलेला असल्याने तो बहुधा एक ते तीन वर्षांत फिका पडतो. येथेच पुष्कळांची फसगत होते. कारण फिका पडणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. तपकिरी मिश्रणातील काही घटक आधी उडतात व मागे राहिलेली भुवई तांबूस दिसते. काळा रंग खोल गेला असेल तर ती निळसर, करडी भासते. अशा वेळी ‘लेझरने काढून टाकू’ असे सहज सांगितले जाते. परंतु या रंगांत लोहाची व टायटॅनियमची ऑक्साइडे असतात आणि लेझरच्या माऱ्याने ती कित्येकदा तत्काळ काळी पडतात. दोष घालविण्यास जावे आणि तो गडद होऊन बसावा, असा प्रकार घडतो.

सुई मोहोरबंद वेष्टनातून आपल्यासमक्ष काढलेली व एकदाच वापरायची असावी, रंगही निराळ्या वाटीत ओतून घ्यावा व उरलेला फेकून द्यावा. काविळीचे ‘ब’ व ‘क’ विषाणू आणि एच.आय.व्ही. दूषित सुईतून पसरू शकतात. यांपैकी ‘ब’वर लस आहे, पण तिच्या तीन मात्रांस सुमारे सहा महिने लागतात. ज्यांना ओठांवर जर उठतो त्यांना ओठ रंगविल्यावर तो पुन्हा उठण्याचा संभव असतो. जखमेचा व्रण फुगण्याची प्रवृत्ती, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारे औषध असल्यास आधी त्वचारोगतज्ज्ञास विचारावे. पहिल्या काही दिवसांत रंग भडक दिसतो व खपली धरते. तो स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे जातात. तेव्हा हळदीच्या आठवड्यात हे करून घेणे शहाणपणाचे नव्हे.

गोंदल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. एम.आर.आय. तपासणीच्या वेळीही ही भुवई गोंदलेली आहे, हे तेथील तंत्रज्ञास आठवणीने सांगावे. क्वचित प्रसंगी त्या जागी दाह होतो.