रस्त्यावरील मापने (लेखांक सातवा) : वेगाची साक्ष देणारे रडार

गेल्या आठवड्यात आपण रस्त्याच्या पोटात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्याचा विचार केला, आणि ते बसविण्यासाठी चालता रस्ता खणावा लागतो या त्याच्या मोठ्या वैगुण्यापाशी येऊन थांबलो. आजचा विषय असलेले रडार रस्त्याला स्पर्शही करीत नाही. खांबावर चढविलेली पुस्तकाएवढी एक पेटी, तिच्यातून अखंड निघणारा व वाहनावर आदळून परतणारा अदृश्य तरंग, आणि गेलेल्या व परतलेल्या तरंगांतील फरकाचा हिशेब ठेवणारा एक परिपथ, एवढाच त्याचा सारा संसार. परंतु ज्या आकड्याच्या आधारे एखाद्या नागरिकाच्या नावे दंडाचे चलन निघते, तो आकडा कोणत्या वाटेने येतो आणि ती वाट कोठे चुकण्याचा संभव आहे, हे त्या नागरिकाला आणि यंत्र सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला, दोघांनाही माहीत असणे अगत्याचे आहे.

मूळ तत्त्व जुने आहे. प्रागमध्ये अध्यापन करणाऱ्या ख्रिश्चन डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1842 मध्ये जोडताऱ्यांच्या रंगांविषयी निबंध वाचताना असे प्रतिपादन केले, की तरंगाचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्याची वारंवारता वाढलेली आणि दूर जात असेल तर घटलेली प्रत्ययास येते. ताऱ्यांच्या रंगांबाबतचे त्याचे अनुमान टिकले नाही; तत्त्व मात्र टिकले, आणि 1845 मध्ये हॉलंडात उत्रेख्तनजीक धावत्या आगगाडीवर तुतारीवादक बसवून बाइस-बॅलट याने ध्वनीच्या बाबतीत ते सिद्धही केले. रडारमध्ये हा फरक दुहेरी पडतो, कारण येणारे वाहन प्रथम तरंगाला सामोरे जाऊन तो ग्रहण करते आणि मग स्वतःच चालता उगम होऊन तो परत पाठविते. रस्त्यावरच्या पुष्कळशा रडारांचा तरंग 24.125 गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 2,412 कोटी 50 लाख कंपनांचा असतो. ताशी एका किलोमीटरच्या वेगाने त्यात सुमारे 44.7 कंपनांचा फरक पडतो, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी सुमारे 2,680 कंपनांचा फरक पाडते. नव्वद लाखांत एक इतका सूक्ष्म हा भेद ओळखावा कसा, असा प्रश्न साहजिकच पडेल. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जवळजवळ जुळल्या असताना जो मंद हेलकावा ऐकू येतो, आणि ज्यावरून तंबोरा लावणारा किंचित उरलेला फरक अचूक हेरतो, तीच युक्ती येथे आहे: गेलेला व परतलेला तरंग एकत्र मिसळले की त्यांच्यातील फरक तेवढा वेगळा होऊन निघतो. तो मानवी कानाला ऐकू येण्याजोगा असल्याने अनेक यंत्रांत ध्वनीच्या रूपाने ऐकविलाही जातो. समोरून येणाऱ्या ट्रकने ब्रेक दाबला की तारसप्तकाच्याही पलीकडचा तो सूर एखाद्या उतरत्या मिंडेप्रमाणे खाली सरकत येतो.

हे तत्त्व रस्त्यावर उतरले त्याची हकीकत मोठी रम्य आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कनेक्टिकट संस्थानातील नॉरवॉक येथील एका कंपनीत काम करणाऱ्या जॉन बार्कर आणि बेन मिडलॉक यांच्यापुढे प्रश्न आला तो मोटारींचा नव्हे, तर विमानांचा: जमिनीवर उतरताना कॅटलिना जातीच्या विमानांची चाके मोडत, आणि ती किती वेगाने खाली येतात हे मोजावयाचे होते. त्या दोघांनी कॉफीचे डबे डाख देऊन बंद केले, त्यांतून रडार सिद्ध केले आणि धावपट्टीच्या टोकाशी आकाशाकडे तोंड करून ठेवले. युद्ध संपल्यावर तेच तोंड रस्त्याकडे वळले. 1947 मध्ये ग्लास्टनबरी येथे पोलिसांनी त्याची चाचणी घेतली, आणि फेब्रुवारी 1949 पासून त्याच्या आधारे दंड आकारण्यास प्रारंभ झाला.

आता वापराकडे वळू. रडारला वाहनाचा खरा वेग कधीच दिसत नाही. त्याला दिसतो तो आपल्या रोखाने येण्याचा वेग. तरंगाची दिशा व वाहनाची दिशा यांत जितका कोन, तितका आकडा उणा येतो. कोन 10 अंशांचा असेल तर ताशी 100 किलोमीटरची गाडी 98.5 दाखविते, 30 अंशांचा असेल तर 86.6. हातात धरलेल्या यंत्राच्या बाबतीत ही चूक नेहमी चालकाच्या पथ्यावर पडणारी असल्याने तिच्याविषयी कोणी फारशी तक्रार करीत नाही. परंतु खांबावरच्या रडारमध्ये बसविण्याचा कोन आधीच यंत्राला सांगितलेला असतो आणि यंत्र त्यानुसार आकडा वाढवून देते. येथे प्रकरण उलटते. समजा, 25 अंशांचा कोन नोंदवून पेटी बसविली, आणि पुढे मागे येणाऱ्या एखाद्या ट्रकचा हौदा खांबाला घासल्याने किंवा पट्टीचा नट ढिला पडल्याने ती रस्त्याच्या रेषेकडे केवळ 3 अंश वळली, तर ताशी 80 किलोमीटरने जाणाऱ्याच्या नावे जवळजवळ 82 लिहिले जातील. यंत्रात बिघाड नाही, आकड्यात खोट दिसत नाही, आणि तरीही साक्ष खोटी! म्हणूनच खांबावरची पेटी बसविल्याच्या दिवशी तिच्या बैठकीवर खूण ओढून ठेवावी आणि प्रत्येक फेरीत प्रथम ती खूण पाहावी, असा माझा आग्रह आहे.

दुसरा दोष याहून नाजूक आहे. 12 अंशांचा झोत 100 मीटर अंतरावर सुमारे 21 मीटर रुंद होतो, म्हणजे चार-पाच मार्गिका त्याच्या कवेत सहज येतात. रडार आकडा देते. तो कोणाचा, हे साधे रडार सांगत नाही. पुढे स्कूटर आणि तिच्या मागे मालमोटार असेल, तर मालमोटारीच्या विस्तीर्ण तोंडावरून परतणारा तरंग स्कूटरच्या क्षीण प्रतिध्वनीला झाकून टाकतो, आणि आकडा मालमोटारीचा असूनही दंड स्कूटरस्वाराला होण्याचा प्रसंग येतो. यासाठी जाणत्या कर्मचाऱ्याची शिस्त अशी असते, की प्रथम डोळ्यांनी वेगाचा अंदाज करावा, मग सूर ऐकावा, आणि शेवटी आकडा पाहावा. तिन्हींचा मेळ बसला तरच नोंद करावी. 1979 मध्ये अमेरिकेत फ्लॉरिडा येथे दूरचित्रवाणीवर एक झाड ताशी 86 मैलांनी आणि एक घर ताशी 28 मैलांनी धावत असल्याची रडारची ग्वाही लोकांनी पाहिली, आणि तेथील एका न्यायालयाने रडारचा पुरावा ग्राह्य धरण्यास नकार दिला. गाडीतला पंखा, फिरणारी पाती, यंत्र एकदम फिरविण्याची घाई, अशा कशाचाही सूर रडार ऐकू शकते. तो सूर नाकारण्याचा विवेक यंत्र चालविणाऱ्यापाशी असावा लागतो.

रोजच्या पडताळणीसाठी नादकाटा वापरतात. ठरावीक वारंवारतेचा काटा ठोकून यंत्राच्या तोंडासमोर धरला की त्याच्यावर कोरलेला वेग पडद्यावर उमटावयास हवा. कामाच्या आरंभी आणि अखेरीस, दोन्ही वेळा ही परीक्षा घ्यावी, म्हणजे मधल्या सर्व नोंदींना दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. मात्र या परीक्षेची मर्यादा क्वचितच कोणी सांगते: काटा हिशेब करणाऱ्या परिपथाची परीक्षा घेतो, तरंग निर्माण करणाऱ्या भागाची नव्हे. मूळ तरंगाची वारंवारता ढळली तरी काटा आपला ठरलेलाच आकडा दाखवील. ती तपासणे प्रयोगशाळेचे काम असून त्यासाठी वार्षिक तपासणीला पर्याय नाही. शिवाय खांबावरच्या यंत्रापुढून, उपग्रहाधारित यंत्राने जिचा वेग मोजला जात आहे अशी गाडी निरनिराळ्या वेगांनी दहा-वीस वेळा न्यावी आणि दोन्ही आकडे ताडून पाहावेत. कोनाची चूक या परीक्षेत लपत नाही.

देखभालीच्या उरलेल्या गोष्टी घरगुती वाटाव्यात इतक्या साध्या आहेत, आणि म्हणूनच त्यांची हेळसांड होते. पेटीचा दर्शनी प्लॅस्टिकचा पडदा मऊ फडक्याने व सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावा. त्यावर साचलेले चिखलपाणी तरंग शोषून घेते. खांब रंगविणाऱ्याने उत्साहाच्या भरात त्या पडद्यावरही रुपेरी धातूचा रंग फासला, तर रडार आंधळेच होते, याची ताकीद त्याला आधी द्यावी. पावसाळ्यात एका रात्रीत हातभर वाढल्यासारख्या वाटणाऱ्या फांद्या झोतात येऊ देऊ नयेत, कारण हलती पाने ही रडारच्या दृष्टीने संथ वाहनेच होत. केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खालच्या बाजूस झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. घड्याळाची वेळ जुळवावी, बॅटरीचा दाब पाहावा, आणि हे सर्व तारीखवार नोंदवहीत सहीनिशी उतरवावे. नोंदवहीवाचून केलेली निगा न्यायालयात निगा ठरत नाही.

आपल्याकडेही कायदा आता या वाटेने चालला आहे. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर पडली, तिच्यानुसार अशा उपकरणाला अचूकतेचा दाखला असणे व दरवर्षी त्याचे नूतनीकरण होणे आवश्यक झाले. आणि वैध मापनशास्त्राच्या नियमांत वेगमापक रडारचा समावेश होऊन ते 1 जुलै 2025 पासून अमलात आले. वाण्याच्या तराजूवर ज्या वजनमापे खात्याची मोहोर आजवर आपण शोधीत आलो, त्याच खात्याची मोहोर आता रडारवरही असावयास हवी. महामार्गावरच्या गस्तीच्या गाडीतले यंत्र मात्र पुष्कळदा रडार नसून लेसर असते. त्याचा विचार पुढील लेखांकात करू. तोवर, ज्या वाचकाच्या हाती वेगाचे चलन येईल त्याने आपला आकडा पाहावाच, आणि त्याबरोबर तो आकडा देणाऱ्या यंत्राच्या शेवटच्या पडताळणीची तारीखही संबंधित कचेरीकडे लेखी मागावी.