घर विकायचंय? आधी भिंत बघा!

दिवाळी झाली की आमच्या मावळात घरं बघायला येणाऱ्यांची वर्दळ वाढते. २००२ मध्ये एक्स्प्रेस-वे पूर्ण झाल्यापासून तर मुंबई-पुण्याची माणसं शनिवार-रविवारी हमखास येतात.

गेल्या वर्षी माझ्या मावशीनेही लोणावळ्याचं, भांगरवाडीतलं घर विकायला काढलं. काका गेल्यावर एकटीला ते झेपेना. लेकीकडे जायचं ठरलं. घर भक्कम, पण इथला पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात! पश्चिमेची भिंत शेवाळाने काळी पडलेली, फाटक गंजलेलं, पन्हळ लोंबकळणारी.

एजंट म्हणाला, “ताई, दोन हात रंग मारा, घर लगेच जाईल.” मलाही ते पटलं. मावशी मात्र अडून बसली. “अगं, भिंतीत ओल आहे. वरून रंग फासला तर जूनमध्ये घेणाऱ्याचा संसार भिजेल. ते पाप मला नको.”

मी ओशाळले. मग रीतसर कामाला लागलो. आधी अंगणातलं गवत काढलं. तुंबलेली पन्हळ साफ करून नीट बसवली. भिंतीवर पाणी मुख्यतः तिथूनच येत होतं! शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडलं, उरलेलं ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतलं. मैत्रिणींनो, हे करताना हातमोजे घाला आणि त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. भेगा गवंड्याकडून वॉटरप्रूफिंगचा माल घालून बुजवल्या.

मग सगळ्यात अवघड काम, थांबणं! भिंत तीन आठवडे उन्हात सुकू दिली. ओल्या भिंतीवर रंग मारला तर फुगे येतात, पोपडे सुटतात. त्यानंतर प्रायमर आणि बाहेरच्या भिंतींसाठीच्या फिकट इमल्शनचे दोन हात. फाटक घासून ऑइलपेंट लावला, तुळशीवृंदावनाला गेरू. घर कसं हसायला लागलं!

तरीही येणाऱ्या प्रत्येकाला मावशी सांगायची, “ही भिंत ओल धरायची, दुरुस्ती आत्ताच केलीय.” एजंट कपाळाला हात लावायचा. पण कायदाही मावशीच्याच बाजूचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, आपल्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो.

पहिल्या गिऱ्हाइकाने हे ऐकून काढता पाय घेतला. दुसऱ्या जोडप्यातल्या बाईंनी भिंतीला हात लावून पाहिला, कामाची सगळी माहिती विचारली, किंमत थोडी उतरवून घेतली आणि घर घेतलं.

किल्ली देताना मावशीचे डोळे भरून आले होते. तशातही ती त्यांना म्हणाली, “मे संपायच्या आत पश्चिमेला पत्रे लावून घ्या हं!”