ओवीला खूण, पुस्तकाला रूप

नांदगाव पेठेहून नागपूरच्या रस्त्याने पुढे गेलं की मोझरी लागते. तिथे तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज. त्यांची 41 अध्यायांची 'ग्रामगीता' ई-पुस्तकात आणायची, तर टाइप करताना अक्षरं ठळक करत बसू नये. प्रत्येक तुकडा काय आहे तेवढं सांगावं: हा अध्याय, ही ओवी, हा तिचा क्रमांक. ही खुणांची पद्धत म्हणजे एक्सएमएल, 1998 सालची. दिसण्याबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

दिसणं येतं स्टाइलशीटमधून, आणि त्या दोन प्रकारच्या. एक्सएसएलटी (1999) खुणा वाचून मजकूर नव्याने रचते: 'अध्याय' दिसला की वेगळी फाइल, अनुक्रमणिकेत एक ओळ, तिथून थेट दुवा. मग सीएसएस ठरवते टंक, समास, ओवीचे चरण किती आत सरकवायचे ते. सगळं झिप केलं की ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, तयार. फक्त 'माइमटाइप' नावाची चिमुकली फाइल त्यात सर्वांत आधी आणि संकुचित न करता ठेवावी लागते. नवशिक्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं.

खरा फायदा दुसऱ्या आवृत्तीत. मुद्रणदोष मूळ फाइलीत एकदाच दुरुस्त करायचा; ईपब, वेबपान, छपाईची प्रत, सगळं त्यातूनच पुन्हा काढायचं. शिवाय मोबाइलवर पीडीएफसारखी ओवी डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागत नाही.