दान केलेला वाढदिवस

२५ डिसेंबरला जन्मलेल्या मुलाचें दुःख मोठ्या माणसांना सहसा उमगत नाहीं. घरांत दिवे असतात, पाहुणे असतात, गोडधोड असतें. परंतु त्यांतलें कांहींच केवळ त्याच्यासाठीं नसतें. दोन भेटींच्या जागीं एकच भेट हातीं पडते.

स्कॉटिश कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांना हें दुःख कळलें. १८९१ सालीं ते सामोआ बेटांवर राहत होते. तेथील अमेरिकन अधिकारी हेन्री आइड यांची कन्या ॲनी नाताळच्या दिवशीं जन्मल्यामुळें वाढदिवसाला मुकली होती. स्टीव्हन्सन यांनीं रीतसर दानपत्र लिहिलें, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि आपला १३ नोव्हेंबरचा वाढदिवस तिला देऊन टाकला! अटी न पाळल्यास तो हक्क अमेरिकेच्या अध्यक्षांकडे जावा, असेंहि त्यांत नमूद केलें.

या विनोदांत शहाणपण आहे. मुलासाठीं नाताळचे रिवाज मोडावे लागत नाहींत. मध्यरात्रीची प्रार्थना व कुटुंबाची पंगत तशीच राहूं शकते. डिसेंबरच्या आरंभींचा एखादा रविवार किंवा २५ जूनचा दिवस मुलाच्या नांवें करून द्यावा. मात्र एकदां दिलेला दिवस दुसऱ्या कोणत्याहि कामासाठीं परत मागूं नये.