टाकून देण्यापूर्वी...

पूर्वी आपल्या घरांतून सहसा काही फेकले जात नसे. विरलेल्या लुगड्यांची गोधडी होई आणि गोधडी जीर्ण झाली की तिचे पायपुसणे. बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी देई. कल्हईवाला, छत्री दुरुस्त करणारा, सुरीला धार लावणारा दारावर येई. त्यात काटकसर होती आणि वस्तूमागील श्रमांची जाणीवही होती. आज मात्र 'दुरुस्तीपेक्षा नवीन स्वस्त' हे वाक्य आपण सहज बोलून जातो.

ही सवय आपोआप जडलेली नाही. १९२४ साली जिनिव्हा येथे विजेचे दिवे बनविणाऱ्या बड्या कंपन्यांनी संगनमत करून दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणण्याचे ठरविले. ज्यांचे दिवे अधिक काळ टिकत, त्या कारखान्यांना दंड होई. टिकाऊ वस्तू विक्रीला मारक ठरते, हेच त्यामागचे गणित होते. आपल्या देशातही २०२२ साली केंद्र शासनाने 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी समिती नेमली, ती ह्याच प्रश्नामुळे.

आपण टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे कल्याण-डोंबिवलीकरांना वेगळे सांगायला नको. आधारवाडीच्या कचराभूमीला लागणाऱ्या आगी आणि त्यांचा धूर नागरिकांनी वर्षानुवर्षे सोसला. २०२१ च्या मे महिन्यात तेथे कचरा टाकणे थांबले. परंतु एक जागा बंद झाल्याने कचरा कमी होत नाही. तो कमी होतो आपल्या घरात.

ह्याच डोंबिवलीत एक सुंदर वाट दिसते. १९८६ साली सुरू झालेल्या पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदान-प्रदानाचा उपक्रम लोकप्रिय केला. वाचून झालेले पुस्तक आणावे आणि त्याच्या बदली दुसरे न्यावे, एवढी साधी ही कल्पना. त्यामुळे कपाटात धूळ खात पडलेल्या पुस्तकाला नवा वाचक मिळतो. जे पुस्तकांचे, तेच गणवेशांचे, खेळण्यांचे आणि लहान मुलांच्या कपड्यांचे होऊ शकते.

येथे एक सावधगिरीही हवी. पर्यावरणाच्या नावाखाली नवी खरेदी सुरू झाली, तर मूळ रोग तसाच राहतो. प्रत्येक समारंभात वाटल्या जाणाऱ्या कोऱ्या कापडी पिशव्यांचेच पाहा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तापमानवाढीच्या दृष्टीने एकदाच वापरलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीची बरोबरी साधण्यासाठी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. म्हणून जुन्या चादरीची किंवा पँटची घरी शिवलेली पिशवी अधिक मोलाची. त्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही. क्रमही लक्षात ठेवावा: आधी गरज तपासावी, मग दुरुस्ती, मग दुसऱ्याला देणे, मग रूपांतर आणि शेवटी भंगार.

पाच भाकरी आणि दोन मासे ह्यांच्या चमत्कारानंतर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून ते गोळा करण्यास प्रभू येशूने शिष्यांना सांगितले (योहान ६:१२). विपुलतेच्या क्षणीच त्याने ही आठवण करून दिली, हे महत्त्वाचे. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात 'फेकून देण्याच्या संस्कृती'वर बोट ठेवले, आणि योग्य हेतूने वस्तू पुन्हा वापरणे हीदेखील प्रेमाची कृती ठरू शकते, असे शिकविले.

हे प्रेम केवळ निसर्गावरचे नाही. रफू करणारा, चपला शिवणारा, मिक्सर दुरुस्त करणारा ह्यांची चूल आपल्या दुरुस्तीवर पेटते. फुटकी काच ओल्या कचऱ्यात टाकली, तर कचरावेचक भगिनीचा हात कापतो.

तेव्हा आपल्या धर्मग्रामात काय करता येईल? वर्षातून दोनदा वस्तूंच्या अदलाबदलीचा रविवार ठेवता येईल. ज्येष्ठ मातांना गोधडीचा धावदोरा येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुला-मुलींना तो त्यांच्याकडून शिकता येईल. नाताळचा गोठा आणि तारा गतवर्षीच्याच सामानातून उभा राहू शकेल. देण्याच्या वस्तू मात्र स्वच्छ आणि धडक्या असाव्यात. जे आपण स्वतः वापरणार नाही, ते गरिबाला देणे हे दान नव्हे.

आपले हात केवळ पैसे मोजण्यासाठी नाहीत. ते घडविण्यासाठी, सांधण्यासाठी आणि देण्यासाठीही आहेत. ह्या आठवड्यात घरातील एक तरी मोडकी वस्तू दुरुस्त करू या.