इंजेक्शनच्या नावातला ‘लायपोसोमल’ म्हणजे नक्की काय?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं की’ तेवढे काढलेत, बाकी सगळं तसंच आहे.

मे २०२१ आठवतोय? कोरोनाची दुसरी लाट पुरती ओसरलीही नव्हती आणि म्युकरमायकोसिस सुरू झाला. आपण सगळे त्याला ‘काळी बुरशी’ म्हणत होतो. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सर्वांत जास्त पेशंट. काहींचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज फिरत होता: ‘लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी ५० एमजी पाहिजे, अर्जंट.’

आज मला बोलायचंय ते त्या मेसेजमधल्या पहिल्या शब्दाबद्दल. कारण औषध तेच असलं, तरी तो शब्द आहे की नाही यावर डोस जवळजवळ पाचपट बदलतो. तिथे गोंधळ झाला तर पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.

आधी मूळ औषध. अ‍ॅम्फोटेरिसिन बी १९५०च्या दशकात सापडलं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. हे औषध त्याला चिकटतं, तो ओढून घेतं, आवरणाला भोकं पडतात आणि बुरशी मरते. इथपर्यंत झकास. अडचण अशी की आपल्या पेशींच्या आवरणात एर्गोस्टेरॉलचं चुलत भावंड असतं: कोलेस्टेरॉल. औषध बुरशीला जास्त पसंती देतं, पण आपल्यालाही अगदीच सोडत नाही. मग थंडी वाजून ताप, उलट्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे किडनीला इजा. बुरशी हटली पण किडनी गेली, असा हा सौदा डॉक्टरांना अनेक वर्षं करावा लागला.

आता लायपोसोम. बिस्किटाच्या पुड्यामागे ‘सोया लेसिथिन’ लिहिलेलं वाचलंय कधी? त्यात असतात फॉस्फोलिपिड. यांच्या रेणूला एक डोकं असतं, त्याला पाणी आवडतं, आणि दोन शेपट्या असतात, त्यांना पाणी अजिबात खपत नाही. असे रेणू पाण्यात सोडले की शेपट्या एकमेकींच्या आडोशाला जातात, डोकी पाण्याकडे तोंड करून राहतात, आणि आपोआप दुहेरी भिंतीचे बारीक फुगे तयार होतात. १९६०च्या दशकात केंब्रिजजवळ अ‍ॅलेक बँगहॅम या शास्त्रज्ञाने हे फुगे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. आपल्या पेशींचं आवरणही याच पद्धतीचं असतं, म्हणून शरीराला हे फुगे फारसे परके वाटत नाहीत.

अ‍ॅम्फोटेरिसिन पाण्यात धड विरघळत नाही, पण या भिंतीत मात्र मस्त रुतून बसतं. औषधातला फुगा शंभर नॅनोमीटरपेक्षाही लहान असतो. केसाच्या जाडीत असे हजारभर सहज मावतील.

बऱ्याच व्हिडिओंत याला ‘शत्रूला शोधून मारणारं मिसाईल’ म्हणतात. मला ती उपमा पटत नाही. फुग्याला डोळे नसतात, तो काही शोधत नाही, रक्ताबरोबर फिरत राहतो. फक्त औषध भिंतीत घट्ट धरलेलं असल्यामुळे वाटेत किडनीवर सांडत नाही. बुरशीला धडकला की तिच्या कवचाला चिकटतो आणि औषध आपल्या आवडत्या एर्गोस्टेरॉलकडे सरकतं. किडनीचा त्रास यामुळे बराच कमी होतो, पण शून्य होत नाही. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत राहावंच लागतं.

आता डोसचं गणित बघा. लायपोसोमलचा डोस म्युकरमध्ये साधारण किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या ६ बाटल्या. दोन आठवड्यांच्या झाल्या ८४, आणि उपचार त्याहून लांबतात. तेही एका पेशंटचे! तुटवडा का पडला ते इथेच कळतं. त्यात औषधाइतकीच शुद्ध लिपिडचीही गरज होती. असे लिपिड बनवणारा एक कारखाना आपल्या रत्नागिरीत आहे, त्यांनी तेव्हा उत्पादन वाढवलं होतं.

साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनचा डोस मात्र किलोमागे दीड मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव तेच, म्हणून लायपोसोमलच्या हिशोबाने साधं दिलं तर हृदय बंद पडू शकतं. मे २०२१च्या अखेरीस वर्ध्यातल्या एका कंपनीने अ‍ॅम्फोटेरिसिनचं इमल्शन बनवायला घेतलं. तेव्हा जाहीर झालेली किंमत होती १२०० रुपये, बाजारात लायपोसोमल सातेक हजारांना होतं. मदत मोठीच, पण इमल्शन हा पुन्हा तिसरा प्रकार. म्हणून कुणासाठी हे औषध शोधायची वेळ आलीच, तर चिठ्ठीवरचं पूर्ण नाव डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या. आणि ‘तेच आहे हो’ म्हणत कुणी दुसरा प्रकार हातात ठेवला, तर आधी वॉर्डमध्ये फोन करून विचारा.

हा फुगा नाजूकही असतो. हे औषध मिठाच्या सलाईनमध्ये घालत नाहीत, ते साकळतं. डेक्स्ट्रोजच लागतं.

मला यातली सर्वांत भारी वाटलेली गोष्ट बिहारची आहे. काला आजाराचे परजीवी आपल्या प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशींमध्ये लपून बसतात. या पेशींचं कामच रक्तातले बारीक कण गिळायचं. एरवी फुगे बनवणारे याच सवयीला वैतागतात, कारण औषध पोचण्याआधीच गिळलं जातं. इथे मात्र गिळलं की थेट परजीवीच्या घरात! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या बिहारमधल्या चाचणीत लायपोसोमलचा एकच डोस आणि साध्या औषधाच्या महिनाभरातल्या १५ सलाईन यांची तुलना झाली. दोन्हीकडे जवळपास ९६ टक्के पेशंट बरे. मजुरी बुडवून महिनाभर हॉस्पिटलात राहणं आणि एक दिवस येऊन जाणं, यातला फरक तुम्हीच ठरवा. पुढे सरकारी कार्यक्रमातही हा एकच डोस आला.

आपल्याकडेही यावर काम झालंय. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या टीमने भारतीय लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनवर संशोधन केलं. त्यातून आलेलं औषध देण्याआधी ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवावं लागतं, आणि त्याचा डोसही वेगळा. म्हणजे ‘लायपोसोमल’ लिहिलेली दोन औषधंसुद्धा एकसारखी नसतात.

कोरोनाची एमआरएनए लसही अशीच का, असं काहींनी विचारलं होतं. नातेवाईक म्हणा. तिथेही लिपिडचेच कण, पण आतून पोकळ फुगा नसतो.

आणि शेवटचा प्रश्न, एका श्रोत्याचाच: याची गोळी का नाही? कारण गिळलं तर हे औषध आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. लिपिडची भिंत गुंडाळून, वळकटीसारखी करून त्यात अ‍ॅम्फोटेरिसिन ठेवायचं आणि ते तोंडाने द्यायचं, असे प्रयोग माणसांवर सुरू झालेत. त्या वळकटीवर पुढच्या भागात बोलू.