पदांचा पक्षपात: व्यक्तिमत्त्व चाचण्यांविषयीचे काही गैरसमज

‘मला चटकन रडू येते’ यासारख्या विधानाला पुरुषांपेक्षा स्त्रियांनी अधिक प्रमाणात होकार दिला, की ते विधान पक्षपाती असल्याचे सर्रास मानले जाते. परंतु गटागटांतील नुसती तफावत हा पक्षपाताचा पुरावा नव्हे, कारण मोजला जाणारा गुणविशेषच त्या गटांत कमीअधिक असू शकतो. चाचणीतील विधान, ज्याला मानसमापनात ‘पद’ म्हणतात, ते पक्षपाती ठरते ते गुणविशेषाची पातळी सारखी असूनही केवळ गट वेगळा म्हणून होकाराची शक्यता बदलते तेव्हाच.

म्हणूनच तुलनेपूर्वी उत्तरदात्यांची जुळणी करावी लागते. मॅन्टेल आणि हेन्झेल यांनी १९५९ मध्ये रोगांच्या कारणांचा शोध घेण्यासाठी मांडलेली पद्धत हॉलंड आणि थेयर यांनी १९८८ मध्ये चाचण्यांना लावली; तीत एकूण गुणांनुसार थर पाडून प्रत्येक थरात दोन्ही गटांचे होकार-नकार ताडून पाहिले जातात. मात्र एखादे पद खालच्या थरांत एका गटाकडे आणि वरच्या थरांत दुसऱ्याकडे झुकत असेल, तर हे कल एकमेकांना छेद देतात आणि दोष नजरेआड होतो. तो टिपण्यासाठी गट व गुण यांचा संयुक्त परिणाम तपासणारे लॉजिस्टिक रिग्रेशन अधिक उपयोगी पडते.

संगणकाने ‘सार्थक’ म्हटलेला प्रत्येक फरक गंभीर असतो, हाही भ्रमच. नमुना पुरेसा मोठा असला की क्षुल्लक फरकही सार्थक ठरतो, त्यामुळे फरक किती मोठा आहे हे वेगळे पाहावे लागते.

दोषी पद वगळले की काम संपले, ही समजूत अधिक घातक म्हणावी लागेल. स्मिथ आणि राइझ यांना १९९८ मध्ये ताणप्रतिक्रियेच्या एका मापनश्रेणीत असे आढळले, की सारख्याच पातळीच्या व्यक्तींपैकी स्त्रिया हळवेपणाच्या, तर पुरुष तणाव आणि चिडचिडीच्या पदांना अधिक सहज होकार देतात. ही सारी पदे काढली तर श्रेणी निर्दोष होण्याऐवजी मूळ संकल्पनाच आक्रसेल.

उलटपक्षी, एकही पद दोषी न आढळणे ही निःपक्षपातीपणाची हमी नव्हे. व्यक्तिमत्त्व चाचणीत बरोबर उत्तर असे काही नसते आणि जुळणीचा आधार असलेले एकूण गुणही त्याच पदांतून येतात. संशयित पदे वगळून गुण पुन्हा काढण्याचा उपाय आहे खरा. पण सर्वच पदे एकाच गटाकडे सारखी झुकलेली असतील, तर तोही निष्फळ ठरतो आणि निकटवर्तीयांनी केलेले मूल्यांकन किंवा प्रत्यक्ष वर्तनाच्या नोंदी असा चाचणीबाहेरचा पुरावाच शोधावा लागतो.